टोचणारं कापड

निवृत्त हेडमास्तर तिसऱ्यांदा नवे बनियन परत करायला आले, तेव्हा दुकानदाराने फक्त हात जोडायचे बाकी ठेवले होते.

"तेच सुती कापड, तीच कंपनी, तोच नंबर. वहिनी वर्षानुवर्षं हेच न्यायच्या, मास्तर. आताच कापडाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"तेव्हाचं लोण्यासारखं असायचं. हे दिवसभर टोचतं. माल उतरलाय तुमचा, कबूल करा."

ती असती तर भांडावं लागलंच नसतं, असं मास्तरांच्या मनात येऊन गेलं.

सोबत आलेल्या मुलीने कापड बोटांत चोळून पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, माल तोच आहे. आई तुमचा प्रत्येक नवा बनियन आधी आठ-दहा दिवस स्वतः घालून झोपायची. म्हणायची, ह्यांना खरखर सोसत नाही, जरा मऊ पडला की देते."

मास्तरांनी काउंटरवरच्या बनियनची घडी उगाच मोडली, पुन्हा घातली आणि सगळे बनियन पिशवीत टाकले. दुकानाची पायरी उतरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "परवा माझे जुने बनियन तू फरशी पुसायला काढलेस ना? सगळेच फाडलेस का गं?"