चार नंबरची सुई

"शनिवारी चार नंबरला सुई देऊन टाका," डॉ. वैशाली दारातूनच म्हणाल्या आणि शिंकल्या.

गोटीरामच्या हातातला मुळ्याचा पाला हातातच राहिला. मॅडम प्राणिघरात कधी आत येत नसत. सशाचा केस नाकाजवळून गेला तरी त्यांना सात शिंका येत. त्यामुळे सहा महिने सशांना टोचायचं काम गोटीरामचं, आणि टोचलं म्हणून रजिस्टरात खूण करायचं कामही गोटीरामचंच.

"मंजे... कायमची?"

"कायमची. महिनाअखेर प्रोजेक्ट संपतंय. चारच्या रक्तातून काहीच निघालं नाही. ठेवून काय करू?" मॅडमच्या हातात परदेशी टपाल तिकिटाचं एक पाकीट होतं आणि चेहरा त्या पाकिटासारखाच चुरगळलेला होता.

तुर्भ्याच्या त्या प्रयोगशाळेत मॅडम पेशीतलं एक प्रोटीन हुडकत होत्या. कुठलं जनुक चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे ते ठरवतं. म्हणजे हेडक्लार्कचाच प्रकार. सगळं त्याच्या हातात आणि जागेवर कधी सापडत नाही. नेमकी त्यालाच जाऊन चिकटेल अशी अँटीबॉडी मिळाली, की तो पकडला जाणार. त्यासाठी ते प्रोटीन सशांना टोचायचं आणि दर पंधरवड्याला त्यांच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाली का ते बघायचं. एक आणि दोन नंबर थंडीतच गेले. तीन नंबरच्या रक्ताने कमाल केली. चार नंबरच्या रक्तात काही म्हणजे काही नव्हतं. त्या रक्ताच्या बाटल्यांवर मॅडमनी लाल पेनाने 'नापास' लिहून त्या फ्रीझरच्या तळाशी ढकलल्या होत्या.

नापास होण्याचं कारण फक्त गोटीरामला ठाऊक होतं.

त्याची आई चांगुणाबाई जन्मभर सुईला घाबरली. शेवटच्या आजारातही तिने नर्सला जवळ येऊ दिलं नाही. दहाव्याला सारसोळ्याच्या खाडीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. भावकी एकेक वचन देऊ लागली. कौलं बदलू, तुझ्या नातीचं, काशीचं लगीन लावू. कावळा लांबून बघत बसला. मग नावड्याहून आलेला सासरा सिताराम पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "विहीनबाय, काल्जी करू नको. मी हितंच राहीन." कावळा उडून गेला. सासऱ्याने शब्द मात्र तंतोतंत पाळला. तो अजून गोटीरामच्या ओटीवर रिकामं ताट आपटून भाकरी मागत होता.

तास गेला. ऊन चढलं. शेवटी गोटीराम म्हणाला, "आये, तुला कोनी सुई नाय टोचनार." कावळा परत आला आणि पिंडावर तुटून पडला.

सुतक संपवून तो कामावर गेला, तर चार नवे ससे आले होते. चार नंबर मादी होती. तिने पाला पुढे ओढला, पानं खाल्ली, देठ नीट एका बाजूला रचले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. चांगुणाबाई सत्तर वर्षं तशीच जेवली होती. गोटीराम दोन पावलं मागे सरला आणि त्याने चपला काढल्या.

त्या दिवसापासून चार नंबरला सुई लागली नाही. रक्त काढायचं तर कानाच्या शिरेला ब्लेडची बारीक चीर द्यावी लागे. ती त्याने दिली. वचन सुईचं होतं, ब्लेडचं नव्हतं.

आता एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या महिन्यात पर्मनंट होणारी नोकरी. गोटीरामने मुळ्याचा पाला खाली ठेवला.

"मॅडम, येक सांगाचा हाय."

त्याने सगळं सांगितलं. कावळा सांगितला, देठ सांगितले, रजिस्टरातल्या खोट्या खुणा सांगितल्या. सांगून झाल्यावर तो खिशातली कपाटाची किल्ली काढून द्यायला लागला.

मॅडम सहा महिन्यांत पहिल्यांदा आत आल्या. "एकदाही टोचलं नाही?"

"येकदा पन नाय. आईशप्पत," गोटीराम चार नंबरकडे बघून म्हणाला.

मॅडम खाद्याच्या पोत्यावर बसल्या. पाकीट उघडून त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. "परदेशी जर्नलने माझा पेपर परत पाठवलाय, गोटीराम. ते म्हणतात, ही तीन नंबरची कमाल टोचल्यामुळेच कशावरून? सोबत वाढलेल्या पण न टोचलेल्या सशाचं, त्याच महिन्यांतलं रक्त दाखवा. टोचण्याआधीचं रक्त तर दुसऱ्या फ्रीजमध्ये होतं, तो उन्हाळ्यात बंद पडला तेव्हाच नासलं. म्हणून सकाळपासून रडत होते." त्या शिंकल्या. "आणि हवं ते रक्त तारीखवार फ्रीझरच्या तळाशी पडलंय. मीच त्यावर नापास लिहून ठेवलंय!"

"मंग शनवारचा?"

"शनिवार रद्द. हिला सुई लावाल तर नोकरी जाईल."

चार नंबरने एक देठ बाजूला ठेवला.

मॅडमनी वही काढली, हसतच. "आता खरं खरं लिहू. चारच्या वाट्याचं औषध तुम्ही मोरीत ओतलंत?"

"छ्या! येवढी महागाची वस्तू. तीनलाच दिली. परत्येक टायमाला डबल."

मॅडमचं पेन थांबलं. "म्हणून त्याच्या रक्तात एवढा जोर! पण गोटीराम, तेव्हा एक आणि दोन नंबरही होते ना? मग सगळं तीनलाच का?"

तीन नंबरचा पाला संपला होता. तो रिकामी वाटी पिंजऱ्यावर आपटत होता.

"त्याचा जेवन बघा ना, मॅडम," गोटीराम म्हणाला. "पार आमचा सासरा."