वालूरचा गुरुवार

"त्रिवेणीला आजच घरी बसवतो," मन्मथअप्पा म्हणाले. "तेवढं तिची चूक कागदावर लिहून द्या, मॅडम."

सुकेशनी परभणीहून त्यासाठीच आली होती. देवगाव फाट्यावरच्या अप्पांच्या जिनिंग मिलची वेबसाइट तिनंच बनवलेली. कोणत्या गावानं कापूस कोणत्या वारी आणायचा, ते शेतकरी मोबाइलवर बघत. त्रिवेणी ते वार ऑफिसातल्या कम्प्युटरवर एका फाइलमध्ये भरायची आणि त्याच कम्प्युटरवर चालणारा वेबसाइटचा प्रोग्राम ते तिथून उचलायचा. गावांचे वार याआधीही बदलले होते; दिवाळीनंतरचा हा पहिलाच बदल. वालूरला मंगळवारऐवजी गुरुवार दिला. तरी मंगळवारी वालूरच्या बावीस गाड्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. शिव्या अप्पांनी खाल्ल्या. आता त्या पुढं कोणाला तरी द्यायच्या होत्या.

"प्रोग्राम दोन वर्षं चुकला न्हाई," अप्पा म्हणाले. "मग चुकलं कोण?"

सुकेशनीला हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तिनं फाइल उघडली. वालूर, गुरुवार. सगळं जागच्या जागी. टेबलापाशी त्रिवेणी ओढणीचं टोक पिळत उभी होती. घरात कमावणारी ती एकटीच.

मग सुकेशनीनं स्वतःचा प्रोग्राम उघडला. सुरू होताना तो फाइल एकदाच वाचायचा, वार पाठ करायचा आणि बंद पडेपर्यंत फाइलकडं पुन्हा ढुंकूनही बघायचा नाही.

"कम्प्युटर रोज बंद करतेस का गं?"

"न्हाई ताई. हात लावू नका म्हणून तुमीच सांगितलं होतं."

"मग यंदा नवीन काय झालं?"

"काहीच न्हाई," अप्पा म्हणाले. "इन्व्हर्टर तेवढा बसवला. लय भारी हाय. दिवाळीपासून कम्प्युटर एकदाबी बंद पडला न्हाई."

आता सुकेशनीला उलगडा झाला. आधी रोज दुपारी लाइट जायची, कम्प्युटर बंद पडायचा. लाइट आली की प्रोग्राम आपोआप सुरू होऊन फाइल नव्यानं वाचायचा. हे त्या खोलीत तिच्याशिवाय कोणालाच कळणार नव्हतं. त्रिवेणीचं नाव लिहून दिलं असतं, तर खपलंही असतं.

"चूक माझी हाय, अप्पा," ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. "दोन वर्षं माझं अर्धं काम लोडशेडिंगच करायलं होतं. आत्ता दुरुस्त करून देते."

अप्पांनी एकदा इन्व्हर्टरकडं, एकदा कम्प्युटरकडं बघितलं.

"प्रोग्रामला हात लावू नका," ते म्हणाले. "दोन वर्षं चाललेला हाय. त्रिवेणी, उद्यापासून रोज दुपारी कम्प्युटरची लाइट तू घालवायची."