हद्दीबाहेर

लॅपटॉप उघडला आणि पडदा लाल झाला. ‘हे उपकरण ठरवून दिलेल्या ठिकाणाबाहेर आहे. सुरक्षा विभागाशी संपर्क साधा.’ खाली फोन नंबर.

हे होणार हे तिला ठाऊक होतं. काल संध्याकाळी नवरा बाहेर गेल्याचं बघून दोन कपडे आणि हा लॅपटॉप पिशवीत कोंबून ती मावशीकडे निघाली, तेव्हाही ठाऊक होतं. विम्याचे दावे तपासायचं तिचं काम घरून चालायचं आणि घर म्हणजे ऑफिसात नोंदवलेला एकच पत्ता. मशीन तिथून लांब गेलं की कुलूप पडायचं.

नवऱ्याला हा नियम भारी आवडायचा. कुणाचं लग्न असो, कुणी आजारी असो, तो हसत सांगायचा, “तिचं मशीन घराबाहेर चालत नाही हो. ऑफिसवाले लगेच पकडतात.” सुट्टीच्या दिवशीही तेच. हळूहळू लोकांनी बोलावणंच सोडलं. उरलेलं काम त्याची जीभ करायची. अलीकडे हातही करू लागला होता.

मावशी शिलाईकाम करायची. खाली रस्त्यावर दुकानं आणि वर तिच्या दोन खोल्या. काल दारात भाचीचं सुजलेलं मनगट तिने पाहिलं, काही विचारलं नाही, गादी घातली आणि पंखा तिच्याकडे वळवला. आता ती तोंडात टाचण्या धरून एका झग्याला टीप मारत होती.

“भूत बघितल्यासारखी काय बसलीयेस?” टाचण्यांच्या आडूनच ती म्हणाली.

“कुलूप पडलं, मावशी. फोन केल्याशिवाय उघडणार नाही.”

“मग कर की. माझं मशीन बघ, नेऊन ठेवाल तिथे चालतंय बिचारं.”

“फोन केला तर त्यांना हा पत्ता सांगावा लागेल. आणि त्यांनी घरी कळवलं तर…” अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, तिथे ऑफिसात नवऱ्याचाच नंबर दिलेला होता.

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “आणि नाही केला तर?”

नाही केला तर नोकरी जाणार. नोकरी गेली की पुन्हा त्याच घरात. तिने मावशीचा फोन घेतला. स्वतःचा तिने कालपासून बंदच ठेवला होता.

फोन उचलला तो सुरक्षा विभागाच्या साहेबांनीच. ऑफिसात सगळे त्यांना हवालदार म्हणायचे. एका मॅनेजरने सासुरवाडीला जाऊन लॅपटॉप उघडला, तर त्यालासुद्धा त्यांनी लेखी खुलासा द्यायला लावला होता. तिने चाचरत आपला कर्मचारी नंबर सांगितला. पलीकडे कीबोर्ड खडखडला आणि थांबला.

“मॅडम, आत्ता तुमच्याजवळ कोण आहे?”

“मावशी आहे.”

“दुसरं कुणी नाही ना? मोकळेपणाने बोलता येतंय?”

“हो. का?”

“सकाळी ऑफिस उघडलं तसा तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. लॅपटॉप कुठे आहे ते सांगा म्हणत होते.”

तिने मावशीकडे पाहिलं. मावशीचं मशीन थांबलं.

“मग… सांगितलंत तुम्ही?”

“मी कशाला सांगू?” हवालदारांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. “मशीन कुठे आहे ते घरच्यांना सांगायचं नाही, असा नियम आहे. ते म्हणाले, मी नवरा आहे. म्हटलं, असाल. मग बराच आरडाओरडा केला. तो ऐकून घेतला आणि फोन ठेवला.”

ती तिथेच कापडाच्या ढिगावर बसली. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच असावं. मग एकदम रडू आलं. मावशीने पाण्याचा पेला पुढे केला. पलीकडे हवालदारांनी फोन ठेवला नाही की घाई केली नाही.

“सर,” ती शेवटी म्हणाली, “अडचणीच्या वेळचा तो नंबर बदलता येईल?”

“येईल. कुणाचा घालू?”

तिने तोंड उघडायच्या आत मावशी फोनपाशी वाकली. “माझा घाला! घ्या लिहून!” आणि खालच्या दुकानदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने एकेक आकडा सांगितला.

“लिहिला, मावशी,” हवालदार म्हणाले. त्यांनी कुणाला मावशी म्हटलेलं ऑफिसात कुणी ऐकलं नसेल. “आता कामाचा पत्ता. नवा टाकावा लागेल. तात्पुरता की कायमचा? हे मला विचारावंच लागतं.”

कालपासून तिने याचा विचार केला नव्हता. करायचं टाळलंच होतं. तिने मान वर केली. मावशी खिडकीजवळच्या टेबलावरची कापडं भराभर उचलून पलंगावर टाकत होती. टेबल रिकामं झालं तसं तिने ते पदराने पुसलं.

“कायमचा,” ती म्हणाली. मग तिने मावशीच्या घराचा पत्ता सांगितला.

कीबोर्ड पुन्हा खडखडला. लाल पडदा गेला आणि तपासायला राहिलेल्या दाव्यांची रांग समोर उभी राहिली. इतकं काम साचलेलं बघून कुणाला इतकं बरं वाटलं नसेल.

“झालं,” हवालदार म्हणाले. “पण एक ध्यानात ठेवा मॅडम, नंतर तक्रार नको. हे मशीन घेऊन जुन्या पत्त्यावर गेलात तर लगेच कुलूप पडेल. ते घर आता हद्दीबाहेर आहे.”