दुसऱ्या मजल्यावरची हाक

नव्या दुकानाचं शटर वर गेलं. आत नुसता रंगाचा वास होता. बाबांनी दारात उभं राहून घसा साफ केला.

"आत्ताच कशाला?" लेक म्हणाली. "मजला उघडायला अजून अवकाश आहे. चिटपाखरू नाही इथं."

"म्हणूनच. आवाज कसा घुमतो ते तरी कळेल."

मॉलच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या मागच्या अंगाला त्यांना ही जागा मिळाली होती. जुना भाग आता पाडायचा होता. तिथं बाबांचं बटणांचं दुकान अगदी पहिल्यापासून होतं. चौकाभोवती गाळ्यांची एक रांग, एवढाच सगळा पसारा होता तेव्हापासून. मग चौकावर छप्पर आलं, छपरावर मजला चढला, काचा आल्या, गार हवा आली, चित्रपटगृह आलं. दुकान जागचं हललं नाही. मॉलच त्याच्या भोवतीनं वाढत गेला आणि दर वाढीला बाबांनी आपली हाक थोडी चढवली. बाकीच्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाला बोलावणं केव्हाच सोडलं होतं.

"या, या! हरवलेलं बटण इथं सापडतं!"

हाक मोकळ्या मजल्यावर लांबवर गेली, जिन्याच्या पोकळीत उतरली आणि परत वर आली. तिच्या पाठोपाठ दोन फरशीवाले हातातली थापी न ठेवताच धावत आले. मुकादम ओरडतोय असं त्यांना वाटलं होतं. कुठली फरशी चुकली, त्यांनी विचारलं.

बाबांनी त्या दोघांतल्या थोरल्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. वरून दुसरं बटण गायब होतं. खिशातून सुईदोरा निघाला, बटण निघालं, आणि तो उभ्याउभ्या मान वर करून शिवून घेत राहिला.

"बघितलंस? मजला उघडायच्या आत गिऱ्हाईक."

लेक हसली. मग तिनं आपली नेहमीची हरकत घेतली. हरवलेलं बटण कसं सापडेल? सापडतं ते त्याच्यासारखं दुसरं. उगाच खोटं कशाला बोलायचं?

"सदऱ्याला विचार," बाबा म्हणाले. "त्याची काही तक्रार नाही."

कॉलेज सुटल्यापासून ती त्यांच्याबरोबर गल्ल्यावर बसत होती. हजारो बटणांतून जोडीचं बटण काढण्यात तिचा हात बाबांपेक्षा चलाख होता. गिऱ्हाईक नसलं की पुस्तकात डोकं. पण दारात उभं राहून हाक मारणं तिला जमलं नाही. बाबा तिला मौनीबाबा म्हणायचे, आवाज बँकेत ठेवलाय का म्हणून विचारायचे. त्या दुपारी फरशीवाले गेल्यावर ते बाजूला सरकले आणि दार त्यांनी तिला मोकळं करून दिलं.

"मार एक. ऐकायला कोणी नाही."

"तुम्ही आहात की," ती म्हणाली आणि शटरची किल्ली शोधू लागली.

त्याच आठवड्यात बाबा दुपारचे जरा आडवे झाले ते पुन्हा उठले नाहीत.

मजला उघडला त्या दिवशी तिनं खण जुन्याच क्रमानं लावले. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचं एक बटण बाबांनी शिवून ठेवलेलं होतं, त्यामुळे चुकायचा प्रश्न नव्हता. दुकान छान दिसत होतं. बाबांना आवडलं असतं. दिवे जास्त आहेत, एवढं मात्र ते म्हणाले असते. समोरून माणसं सारखी जात होती, चित्रपटाला, खायला, नुसती गार हवेला. आत कोणी वळत नव्हतं. दुपार झाली तरी एकही खण उघडला नव्हता. असंच चाललं तर ही जागा आपल्याला टिकवता येणार नाही, हे तिला कळत होतं.

जुन्या भागातला वॉचमन आता याच मजल्यावर होता. पूर्वी एकदा मॉलच्या साहेबांनी त्याला बाबांचा आवाज बंद करायला पाठवलं होतं. तो गणवेशाला नवं बटण लावून घेऊन परत गेला. त्यानंतर कोणी तक्रार केली की तो म्हणायचा, मला तर काही ऐकू येत नाही, साहेब.

आता तो कठड्याशी उभा राहून खाली बोट दाखवत होता. "ताई, त्या शिवणवाल्या बाई बघा."

तिनं वाकून पाहिलं. दर आठवड्याला येणाऱ्या बाई. पिशवीतून कोटाची बाही लोंबत होती. पहिल्या मजल्यावर त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंडून आल्या होत्या आणि आता बाहेरच्या दाराकडे नेणाऱ्या जिन्यावर पाय ठेवत होत्या.

"पाटी एवढी मोठी लावलीय," ती म्हणाली.

"पाट्या कुठं वाचतात त्या? आवाजावर यायच्या." वॉचमन थोडा थांबला. मग छताकडे बघत म्हणाला, "आज मला ऐकायला जरा कमीच येतंय."

जिना बाईंना घेऊन खाली सरकू लागला होता. लेक गल्ल्यामागून उठली, दारात आली. बाबा उभे राहायचे तसं तिनं एक हात चौकटीला लावला. तिनं घसा साफ केला.

"या, या! हरवलेलं बटण इथं सापडतं!"