माईकवाल्याचा विनोद

"तुमचा विश्वास बसायचा नाही," जेवणाचा डबा उघडायच्या आधीच बंडलमामांनी जाहीर केलं, "म्हणून आधीच सांगतो, यातलं एक अक्षर खोटं नाही."

हॉस्पिटलच्या धुलाईखात्याला हे वाक्य तोंडपाठ होतं. मामा मळक्या चादरींची गाठोडी बांधायचे खरे, पण बंडलमामा हे नाव त्यांना गाठोड्यांमुळे पडलेलं नव्हतं.

डब्याच्या झाकणाखाली एक अर्ज होता. जाड हातमोजे मिळावेत, एवढीच मागणी. चादरींत राहून गेलेल्या सुया पातळ मोज्यांतून आरपार जात. म्हणून चादर झटकताना खात्यात कोणी बोलत नसे. सुई फरशीवर पडली तर कानांना कळावी. जेवणाची सुट्टी संपली की अर्ज मोठ्या बाईंच्या टेबलावर जायचा होता. माणसं नऊ, सही एक, मामांची. अर्ज वाचला सगळ्यांनी. पण बाईंच्या डोळ्यांत खुपायची हौस कोणाला असते?

"काल माईकवाल्याला पाहिला," मामा म्हणाले. "मोबाईलवर नाही. समोर बसून."

माईकवाला म्हणजे मामांचं दैवत. स्टेजवर एकटा उभा राहून दोन तास लोकांना हसवायचा आणि हसता हसता असा चिमटा काढायचा की घरी गेल्यावर वळ दिसावा. त्याची लिफ्टची गोष्ट मामांनी खात्यात इतक्यांदा ऐकवली होती की मशीनलाही पाठ झाली असेल: 'आमच्या इमारतीत लिफ्ट दोन. एक माणसांची, दुसरी त्या माणसांची कामं करणाऱ्यांची.'

"मग काल काय नवीन?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"म्हणाला, पेशंटला सुई टोचायची तर आधी गोड बोलतात, कापसाने पुसतात, वर विचारतात, दुखलं का हो? धुलाईवाल्याला तीच सुई न विचारता. आणि आजार कोणाचा, ते गुपित."

इस्त्रीवाल्याला ठसका लागला. मशीनवरच्या काकू तोंडावर हात ठेवून हसल्या.

"अस्साच हॉल हसला. चारशे माणसं. एकाची खुर्ची मोडली, तो खाली बसून हसत राहिला. आणि मग आपला गडी बोललाच नाही. नुसता उभा." मामांचा घास हातातच राहिला. "हसणं विरत गेलं. पुढच्या रांगेतला एक सुटाबुटातला माणूस स्वतःचं बोट निरखायला लागला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळा हॉल. आपण चादर झटकताना असते ना, तशी शांतता. माणूस एवढासा, हातात एक माईक. पण चारशे जण श्वास घ्यायला त्याची परवानगी मागत होते."

मामा भिंतीकडे असे पाहत होते, जणू तो तिथेच उभा आहे.

"त्याला आपलं कसं कळलं हो?" काकूंनी हळूच विचारलं.

"मोठ्या माणसांना कळतं."

इस्त्रीवाल्याने हात पुसले, पेन उचललं आणि सही केली. मग काकूंनी. अर्ज डब्यांमधून वाट काढत फिरला आणि शेवटी घडीवालीपाशी आला. मागच्या महिन्यात सुई टोचली ती हिलाच. रक्ताची शेवटची तपासणी अजून व्हायची होती. मघापासून हसली नव्हती ती एकटीच.

"मामा, हे काल म्हणाला तो?"

"शप्पथ."

"चारशे लोकांसमोर?"

"एखादा जास्तच असेल."

तिने सावकाश सही केली, अर्ज मामांच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"खोटं," ती म्हणाली. "त्या दिवशी माझं बोट नळाखाली धरून हे तुम्हीच म्हणाला होतात. मी रडता रडता हसले, आणि मग तुम्ही असेच गप्प उभे राहिलात. चारशे माणसं नव्हती, मामा. मी एकटी होते."