चटईखालची जागा

“दिवा तर लागलाच नव्हता, फेतू. तुझं काम चोख होतं. चूक माझीच. पावसात, उतारावर, एवढी घाई कशाला करायची मी?”

फेतूने चेपलेल्या बंपरवरून मान वर केली नाही. पाद्री एनोका विलायती फणसाखालच्या बाकावर बसले होते. उतारावर त्यांची गाडी घसरून म्हाताऱ्या तानिएलूकाकांवर आदळली आणि काकांचा पाय मोडला, तेव्हापासून पाद्रीबाबांना अन्न गोड लागत नव्हतं.

“रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर कबूल केलं मी.”

“ऐकलं मी, पाद्रीबाबा.”

“आणि म्हातारा काय म्हणाला, ठाऊक आहे? म्हणे, असू द्या, पायच मोडलाय, होडी थोडीच फुटलीये!”

पाद्रीबाबा हसता हसता डोळे पुसू लागले. फेतूला हसू आलं नाही. दिवा लागला नव्हता, कारण फेतूने त्याचा बल्बच काढून घेतला होता.

अपघाताआधीच्या शनिवारी शेजारच्या गावाशी किरिकिटीची, म्हणजे बेटावरच्या क्रिकेटची, मॅच होती आणि पहिली फलंदाजी फेतूची. नेमके तेव्हाच पाद्रीबाबा फेतूच्या गॅरेजवर गाडी घेऊन आले. डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा पेटला होता. फेतूने स्कॅनर जोडला. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरकडून काहीच खबर येत नव्हती. चिखल बसला असेल म्हणून त्याने दिवा घालवला, तर गाडी वळणापर्यंत जाते न जाते तोच दिव्याची स्वारी पुन्हा हजर. चाकाशी वाकून बघायचं तेवढं राहिलं होतं. पण मैदानावरून हाका येत होत्या. त्याने डॅशबोर्ड उघडला, बल्ब खिशात टाकला आणि “झालं काम” म्हणत किल्ली पाद्रीबाबांच्या हातात दिली. ब्रेक तर लागतात, ओल्या रस्त्यावर जरा जपून चालवली म्हणजे झालं, अशी त्याने मनाची समजूत घातली. जपून चालवा, हे पाद्रीबाबांना सांगायचं मात्र त्याने टाळलं.

मॅचमध्ये त्याने भोपळाही फोडला नाही. घरी आला तेव्हा बायकोने, लुपेने, ताटात नारळाच्या दुधातला ऑक्टोपस वाढला.

“तानिएलूकाकांनी पाठवलाय,” ती म्हणाली. “त्यांचा डोक्याला बांधायचा दिवा दुरुस्त झालाय ना. रोज खडकांवर जातात आणि साऱ्या गावाला खिलवतात. म्हातारा हौशी आहे हो!”

फेतू तेव्हा बोटं चाटून जेवला होता.

आता पाद्रीबाबा चालत घरी गेल्यावर त्याने ते चाक काढलं आणि वाकून पाहिलं. सेन्सर जागच्या जागी होता. त्याच्याकडे जाणारी हिरव्या पट्ट्याची काळी वायर मात्र मधेच हातभर गायब होती. कुत्र्याने तोडली की आणखी कशाने, याचा विचारही त्याच्या मनात आला नाही. वाकून पाहिलं असतं तर त्याच दिवशी दिसलं असतं, एवढंच त्याच्या डोक्यात घणासारखं बसत होतं. त्याला स्वतःची शरम वाटली. कुणी बघत नसतानाही त्याचे कान तापले.

घरी त्याने बल्ब लुपेच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

“हा खिशात घालून तू मॅच खेळायला गेलास?”

“हो.”

“आणि हरूनही आलास.”

तिने पेटी उघडली आणि आईने दिलेली तलम चटई बाहेर काढली. घरातलं सगळ्यात मोलाचं ते तेवढंच होतं. मग ती फेतूच्या चुलत्यांना बोलवायला गेली. घराण्याचे मुखिया तेच होते.

उजाडायच्या आधी सगळे तानिएलूकाकांच्या अंगणात जाऊन बसले. पुढे फेतू, गुडघ्यांवर, डोक्यावरून चटई पांघरून. बेटाची रीतच तशी होती: काकांच्या घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर या गावात तोंड दाखवायला जागा नाही. काकांचे मुलगे तापट होते. “दगड आले तरी हलायचं नाही,” असं चुलत्यांनी बजावलं होतं.

दार उघडलं. चुलत्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चाकाची तुटलेली वायर, फेतूने न बघणं, काढून घेतलेला बल्ब. चटईखाली फेतूला गवत दिसत होतं आणि स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

कुबड्या टेकत टेकत कुणीतरी जवळ आलं.

“आबा, उचलू का चटई?” थोरल्या मुलाचा आवाज.

“थांब.” म्हाताऱ्याचा श्वास चढला होता. “वायर म्हणालात? कुठल्या चाकाची?”

“मागच्या डाव्या,” फेतू चटईखालूनच म्हणाला. “मी बघायला हवं होतं, काका. दोष माझा आहे.”

दगड येणार, असं फेतूला वाटलं. त्याने डोळे घट्ट मिटले.

“माझी मासेमारीची पिशवी आण रे,” म्हातारा म्हणाला.

“आत्ता? आबा, अहो, माणसं ताटकळलीत...”

“आण म्हणतो ना!”

मग चटईची कड जराशी वर झाली. आधी प्लास्टरमधला पाय आत आला, त्यामागून कण्हत, सरपटत तानिएलूकाका आले आणि त्यांनी चटई स्वतःच्याही डोक्यावर ओढून घेतली.

“सरक जरा,” ते कुजबुजले. “मलाही जागा दे.”

विणीतून उजेड झिरपत होता. म्हाताऱ्याने पिशवीतून डोक्याला बांधायचा दिवा काढला आणि फेतूच्या मांडीवर ठेवला. बॅटरीपासून दिव्यापर्यंत हातभर काळी वायर गेली होती, हिरव्या पट्ट्याची.