आवाजाची तक्रार

व्हिडिओचं काम सुरू झालं की अजेयच्या कम्प्युटरचा पंखा भिंतीपलीकडे ऐकू जायचा. कोलकात्यातल्या डमडमच्या त्या इमारतीत त्याचं दार वाजवायच्या त्या फक्त शेजारच्या माशीमा, म्हणजे बंगालीतल्या मावशी, आणि त्याही ओरडायलाच. "मशीन आहे की पिठाची गिरणी?" म्हणत त्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि गुडघेदुखीपासून माशांच्या भावापर्यंत सगळं ऐकवूनच परतायच्या.

शेवटी शरमून अजेयने कम्प्युटर पाण्याने थंड ठेवणारा लिक्विड कूलर घ्यायचं ठरवलं. दुकानदार रंगीत दिवेवाले दाखवत राहिला. "दिवे राहू द्या, सगळ्यात शांत कुठला ते सांगा," अजेय म्हणाला.

कूलर बसला. पंपाची गुणगुण ऐकायलाही कान जवळ न्यावा लागे. दारही वाजेनासं झालं. संध्याकाळी चहा पिताना आपल्याच घोटाचा आवाज त्याला ऐकू येऊ लागला.

रविवारी अचानक दार वाजलं.

"आज फारच आवाज येतोय रे तुझ्या मशीनचा!" माशीमा उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

अजेयने सकाळपासून बंद असलेल्या कम्प्युटरकडे एकदा पाहिलं.

"हो ना, माशीमा. या, आज आत बसूनच ऐका."